परक्याच्या छातीवरचे हात

होळी झाली की पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या गावांना बोहाड्याचे वेध लागतात. रात्री मशाली पेटतात, संबळ-पिपाणीचा आवाज चढतो आणि एकेक सोंग गर्दीतून वाट काढत, नाचत पुढे येतं. गणपती येतो, सरस्वती येते, मागून देव-दानवांची रांग लागते. कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. एरवी नागली-वरईच्या शेतात राबणारा माणूस त्या रात्री मुखवटा चढवतो आणि गावातली म्हातारी माणसं त्याच्यापुढे हात जोडतात.

समजा, अशाच एका रात्री गर्दीत उभा असलेला पन्नाशीचा माणूस कोसळला. हाक मारली तर ओ देत नाही. छाती हलत नाही, मध्येच आचका दिल्यासारखा एखादा श्वास येतो. भोवती शंभर माणसं आहेत. कोणी म्हणेल, तोंडात पाणी घाला. कोणी कांदा फोडून नाकाशी धरेल, कोणी भगताला आणायला धावेल, कोणी जीपवाल्याला उठवायला जाईल. उरलेले बरेचसे जागच्या जागी उभे राहतील, कारण त्यांच्या मनात एक वाक्य उमटून गेलेलं असेल: त्याची वेळ भरली.

हे वाक्य या डोंगरात कोणी हलक्या मनाने उच्चारत नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने लहान मुलं दगावली आणि या भागाचं नाव देशभर पोचलं. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर रस्ता नसल्याने बाळंतिणीला झोळीत घालून पायी न्यावं लागलं. तिची जुळी बाळं वाचली नाहीत. मरण जिथे वरचेवर आणि अवेळी येतं, तिथे ते कोणातरी मोठ्याच्या हाती सोपवल्याशिवाय मागे उरलेल्यांना जगता येत नाही. त्यामुळे या श्रद्धेला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणं अन्यायाचं आहे. विचारायला हवं ते हे की, ही श्रद्धा माणसाला हात आखडून उभं राहायला सांगते का? कोसळलेल्या परक्या माणसाच्या छातीवर हात ठेवणं हा देवाच्या कामात ढवळाढवळ करण्याचा प्रकार आहे, की तोही धर्मच आहे?

उत्तर शोधण्याआधी शरीरात काय घडतं ते पाहायला हवं. हृदयविकाराचा झटका आणि हृदय अचानक बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झटक्यात हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा येतो. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छातीत कळ येते, घाम फुटतो. त्याला तातडीने दवाखान्यात न्यायचं असतं, त्याची छाती दाबायची नसते. हृदय बंद पडतं तेव्हा पुष्कळदा त्याची विजेची लय बिघडलेली असते, ते नुसतं थरथरतं आणि रक्त पुढे ढकलू शकत नाही. काही क्षणांत शुद्ध हरपते. मेंदूला रक्त मिळेनासं झालं की साधारण चार ते सहा मिनिटांत त्याची कायमची हानी सुरू होते. काहीच केलं नाही तर दर मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. ते अधूनमधून येणारे आचके खरे श्वास नसतात. ते पाहून ‘अजून धुगधुगी आहे, थांबा’ असं लोक म्हणतात आणि तिथेच मोलाची मिनिटं जातात.

ही मिनिटं माणसाच्या हातात आहेत हे कळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोवन नावाचे विजेचे अभियंते कुत्र्यांच्या हृदयावर विजेच्या धक्क्याचे प्रयोग करत होते. त्यांचे सहकारी गाय निकरबॉकर यांच्या लक्षात आलं की, धक्का देण्याची जड उपकरणं छातीवर दाबून धरली की रक्तदाब थोडा चढतो. त्या निरीक्षणावरून जेम्स ज्यूड या शल्यविशारदासह तिघांनी १९६० साली एक निबंध प्रसिद्ध केला. वीस रुग्णांची छाती बाहेरून दाबली गेली होती, त्यांतले चौदा वाचले होते. तोवर थांबलेलं हृदय चालवायचं तर शल्यविशारदाला छाती उघडावी लागे. आता दोन हात पुरेसे होते आणि ते कोणाचेही असू शकत होते.

पुढची बरीच वर्षं छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं या दोन्ही गोष्टी सीपीआर या नावाने एकत्र शिकवल्या जात. अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावायच्या कल्पनेने पुष्कळ जण मागे हटत. २००७ साली जपानमधल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिलं की, वाटेवरच्या माणसाने नुसती छाती दाबली तरी मोठ्या माणसांच्या बाबतीत फायदा होतो. २००८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सामान्य लोकांसाठी केवळ हातांनी करायच्या सीपीआरची शिफारस केली. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी काढलेली मार्गदर्शक तत्त्वंही फक्त छाती दाबण्यावर बेतलेली आहेत. यामागचं कारण समजायला सोपं आहे. माणूस अचानक कोसळतो तेव्हा त्याच्या रक्तात काही मिनिटं पुरेल इतका प्राणवायू असतो. अडलेलं असतं ते रक्ताचं फिरणं.

कृती अशी. माणसाला कठीण, सपाट जागेवर उताणं झोपवायचं. खांदे हलवून हाक मारायची. प्रतिसाद नाही, नीट श्वास नाही, असं दिसलं की एकाने १०८ किंवा ११२ ला फोन लावायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच ठेवून त्यावर दुसरा हात ठेवायचा. कोपर ताठ ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचं आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत माणूस दमतो, म्हणून आळीपाळीने दाबायचं. लहान मुलं आणि बुडालेली माणसं यांची गोष्ट वेगळी. जव्हारजवळच्या दाभोसा धबधब्यात कोणी बुडालं तर त्याच्या रक्तातला प्राणवायू आधीच संपत आलेला असतो. तिथे शिकलेल्या माणसाने श्वासही द्यावा लागतो. विजेचंही ध्यानात ठेवण्याजोगं आहे. पावसाच्या तोंडाला शेतात वीज पडून एकदम तिघे-चौघे कोसळले तर कण्हणाऱ्याकडे नव्हे, आधी निपचित पडलेल्याकडे जायचं. त्याचं हृदय पुन्हा सुरू होण्याची शक्यता बरीच असते.

मेल्यासारखा दिसणारा माणूस मेलेला असतोच असं नाही, ही वैद्यकाने दिलेली फार मोठी बातमी आहे. आपल्या श्रद्धांना तिने मुळातून प्रश्न विचारला आहे. मरण हा एक क्षण आहे, त्या क्षणाला यमाचे दूत येतात आणि मग माणसाला काही करण्यासारखं उरत नाही, असं परंपरा मानत आली. वैद्यकाच्या लेखी मरण हा काही मिनिटांचा पट्टा आहे. त्याच्या अलीकडच्या टोकाला माणूस अजून आपल्यातला असतो. मग देवाने नेमलेली वेळ या पट्ट्यात कुठे धरायची, हे बघ्याने आपल्या जागी उभं राहून कसं ठरवावं?

मराठी भक्तिपरंपरेला ही शंका अगदीच नवी नाही. नेवाशाची कथा महाराष्ट्राला पाठ आहे: प्रेत म्हणून नेल्या जाणाऱ्या सच्चिदानंदबाबांना ज्ञानेश्वरांनी उठवलं, आणि पुढे त्यांनीच ज्ञानेश्वरी लिहून घेतली. चमत्कार मानायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र १२९० साली पूर्ण झालेल्या ग्रंथाच्या लेखकाभोवती लोकांनी ही कथा गुंफली आणि सातशे वर्षं जपली. ‘त्याची वेळ भरली होती, तुम्ही मध्ये का पडलात,’ असं या कथेत ज्ञानेश्वरांना कोणी विचारत नाही. ओळखदेख नसलेल्या माणसापाशी थांबणं, तो गेला असं सगळ्यांनी ठरवल्यावरही थांबणं, हे तिथे संताचं लक्षण ठरतं.

परंपरेतल्या रीतीही दोन्ही बाजूंनी बोलतात. शेवट आलेल्या माणसाला खाटेवरून खाली, सारवलेल्या जमिनीवर घ्यायची चाल अनेक मराठी घरांत आहे. सीपीआरला नेमकी तीच कठीण जमीन लागते. खाटेवर किंवा गादीवर दाब वाया जातो. दुसरीकडे तोंडात गंगाजळ किंवा पाणी घालायची घाई घातक ठरते, कारण बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही आणि पाणी श्वासनलिकेत उतरतं. एकाच मायेतून आलेल्या दोन रीतींपैकी पहिली जीव वाचवायला उपयोगी पडते, दुसरीने थोडा वेळ धीर धरायला हवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आदराने, रीत न मोडता सांगता येतं: आधी जमिनीवर घ्या, छाती दाबा, गंगाजळ हाताशी असू द्या.

खरी अडचण स्पर्शाची आहे. प्रेताला शिवलं तर विटाळ, मग अंघोळ, हे संस्कार खोल रुजलेले आहेत. समोरचा मेला असेल या भीतीने हात मागे राहतो. त्यात जात येते. ज्या महाराष्ट्रात माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटतं असं मानलं गेलं आणि १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या महाराष्ट्रात कोसळलेल्याच्या छातीवर कोणाचा हात चालेल हा प्रश्न मनातल्या मनातही उठता कामा नये. त्यानंतर येतो स्त्री-पुरुषाचा संकोच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या अभ्यासात सार्वजनिक जागी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना अनोळखी माणसांकडून सीपीआर मिळाल्याचं आढळलं. स्त्रियांच्या बाबतीत हे प्रमाण ३९ टक्के होतं. मोकळ्या समजल्या जाणाऱ्या समाजात हे घडतं, तर बाजारात कोसळलेल्या बाईला हात लावायला आपल्याकडचा पुरुष किती कचरेल? लाज राखण्याच्या नावाखाली तिचा जीव जाऊ देणं याला कोणत्याही धर्माचा आधार नाही.

बाबा आमट्यांच्या आयुष्यातला प्रसंग इथे आठवतो. वरोऱ्यात पावसात, रस्त्याच्या कडेला कुष्ठरोगाने शरीर झडलेला तुळशीराम त्यांना दिसला. कशालाही न घाबरणारा हा माणूस त्याला पाहून पळाला. पळाल्याची बोचणी सोसवेना तेव्हा ते परतले आणि अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा केली. भीती वाटणं हा त्यांच्या लेखी गुन्हा नव्हता. तिच्यापाशी थांबून राहणं त्यांना मान्य नव्हतं. कोसळलेल्या माणसापुढे मात्र अडचण अशी की, परतून यायला वेळच नसतो. बाबांनी नंतर जे मनाशी लढून मिळवलं ते इथे आधीच मिळवून ठेवावं लागतं. सराव करायचा तो यासाठी.

आणि हा सराव जगभर एका अनोळखी चेहऱ्यावर होतो. नॉर्वेतले खेळणी बनवणारे आस्मुंड लेअर्दाल यांनी १९६० साली सीपीआर शिकवण्यासाठी बाहुली घडवली. तिला चेहरा दिला तो पॅरिसमधल्या एका अनाम मुलीच्या मुखवट्याचा. ती सीन नदीत बुडून गेली होती असं म्हणतात. तिचं नाव कोणाला कळलं नाही. तेव्हापासून लाखो माणसांनी आपले हात पहिल्यांदा तिच्या छातीवर ठेवले.

परका आपला कोण, हा प्रश्न सगळ्याच धर्मांना पडला आहे. पालघर जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला, वसईच्या चर्चमध्ये दर पिढीला सांगितल्या जाणाऱ्या येशूच्या दाखल्यात जखमी वाटसरूला टाळून धर्मगुरू पुढे निघून जातो, आणि तुच्छ मानल्या गेलेल्या शोमरोनी जमातीतला एक माणूस थांबतो. आजारी भिक्खूला सगळ्यांनी टाकलेलं पाहून बुद्धांनी त्याला स्वतः धुतलं-पुसलं. एकनाथांबद्दलची कथा अशी की, रामेश्वरला नेत असलेलं गंगाजळ त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. या तिन्ही कथांत मदत करणारा आणि मदत घेणारा यांच्यात नातं नाही. समोर असणं एवढंच नातं.

आता जव्हार-मोखाड्याच्या श्रद्धेकडे पुन्हा पाहू. इथला देव आभाळात बसून हुकूम सोडणारा नाही. तो भगताच्या अंगात येतो आणि माणसाच्या तोंडून बोलतो. बोहाड्यात तो सोंग घेतलेल्याच्या पायांनी नाचतो. वाघोबा, हिरवा, कणसरी या देवता शेतात, रानात, घरात वावरतात. देवाला काम करायला माणसाचं शरीर लागतं, हे इथल्या धर्माचं उघड सूत्र आहे. ते मानणाऱ्याने देवाची मर्जी आणि माणसाचा हात यांत भांडण लावायचं कारण नाही. कोसळलेल्याच्या छातीवर पडणारा हातही देवाच्या मर्जीचाच भाग असू शकतो. वेळ भरली असेल तर दाबूनही ती भरेल. भरली नसेल तर न दाबणाऱ्याने ती भरवली. भगतालाही यात विरोधक ठरवायला नको. लोक सर्वांत आधी त्याच्याकडे धावतात, तर सर्वांत आधी त्यालाच हे शिकवावं.

तरीही प्रत्येक थांबलेलं हृदय चालू करणं हा धर्म नव्हे. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न, पाणी, औषध नाकारलं आणि १५ तारखेला देह ठेवला. महाराष्ट्राने त्यांच्या निर्णयाचा मान राखला. दीर्घ आजाराच्या शेवटी, घरच्यांच्या सोबतीत शांतपणे जाणाऱ्या म्हाताऱ्याच्या फासळ्या मोडण्यात दया नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला तोही याच जाणिवेतून. पण बाजारात, शाळेत, शेतात अचानक कोसळलेल्या माणसाने असा काही निर्णय घेतलेला नसतो. त्याची संमती विचारता येत नाही, तेव्हा त्याला जगायचं होतं असंच धरून चालावं लागतं. कायदाही तेच धरतो. जुन्या दंडसंहितेचं कलम ९२ आणि आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३० सांगतं की, संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी प्रामाणिकपणे केलेली कृती गुन्हा ठरत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न अजून बाकी आहे. छाती दाबल्याने हृदय बहुधा आपलं आपण सुरू होत नाही. दाबण्याने मेंदू तग धरतो, विजेचा धक्का देणारं यंत्र येईपर्यंत. ते यंत्र आणि रुग्णवाहिका दहा मिनिटांत पोचणाऱ्या शहरांतही अशा दहांपैकी नऊ जण बहुधा वाचत नाहीत. मग मोखाड्याच्या पाड्यावर, जिथून पक्की सडक गाठायलाच वेळ जातो आणि गंभीर रुग्णाला जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयातूनही पुढे नाशिकला किंवा सेल्वासला न्यावं लागतं, तिथे कोणी का दाबत राहावं?

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेलं ‘गीतारहस्य’ या प्रश्नाला उपयोगी पडतं. गीता संन्यास शिकवत नाही, ती कर्म करायला सांगते, हा टिळकांचा आग्रह होता. फळाची आसक्ती सोडा याचा अर्थ फळाची पर्वा करू नका असा त्यांनी घेतला नाही. कर्म उत्तम व्हावं यासाठीच मन फळात अडकू नये. छाती दाबणाऱ्याला याची फार गरज असते. दाबताना फासळी मोडल्याचा आवाज येतो. वीस मिनिटं घाम गाळूनही माणूस जातो. नंतर ‘माझंच काही चुकलं का’ ही टोचणी रात्री झोपू देत नाही. त्याला घरच्यांनी, गावाने, भगताने, डॉक्टरनेही सांगायला हवं की, तुझं काम तू केलंस. त्याचं हृदय आधीच थांबलेलं होतं आणि तू त्याच्यासाठी वाट उघडी ठेवलीस.

पण फळाची आसक्ती सोड, हे दाबणाऱ्याला सांगता येतं. रस्ता बांधणाऱ्याला आणि आरोग्याचा पैसा वाटणाऱ्याला नाही. त्यांनी फळ मोजलंच पाहिजे. १०८ ची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली, त्याच वर्षी १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला. पाड्यावर जीप चढत नसेल तर गाडीचा नंबर पाठ असून काय उपयोग? लोकांना सीपीआर शिकवला म्हणजे आपली जबाबदारी उरकली, असं सरकारने मानलं तर तो माणसाच्या चांगुलपणाचा गैरवापर ठरेल. बोलून सूचना देणारं, अडाण्यालाही वापरता येणारं विजेच्या धक्क्याचं यंत्र जव्हार-मोखाड्याच्या बसस्थानकांवर, आठवडी बाजारांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत हवं. दाबणाऱ्या हातांना अर्थ येतो तो पुढे कोणीतरी येणार आहे या खात्रीमुळे.

शिकवायचं कोणाला, याची यादी इथे आयती तयार आहे. आश्रमशाळांतली मोठी मुलं, आशाताई, एसटीचे चालक-वाहक, जीपवाले, बोहाड्याची पंचमंडळी. ६ डिसेंबर २०२३ ला देशभर एकाच दिवशी सीपीआरची जनजागृती झाली. एका दिवसाच्या मोहिमेत पाहिलेलं हात विसरतात. दर वर्षी पेरणीआधी एक तास पुन्हा केलेलं विसरत नाहीत. आणि भाषा वारल्यांची असावी, कोकणा आदिवासींची असावी, छापील पत्रकाची नको.

शेवटी पोलिसांची भीती. ३० मार्च २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, त्याला चौकशीत अडकवायचं नाही, हे त्यातून स्पष्ट झालं. मात्र हे संरक्षण रस्त्यावरच्या अपघातापुरतं आहे. त्र्यंबकच्या वाटेवर मोटारीने उडवलेल्याला उचलणारा तरुण त्यात येतो. त्याच वाटेवर हृदय थांबून पडलेल्याची छाती दाबणारा येत नाही, त्याला न्याय संहितेतल्या त्या सामान्य कलम ३० वर भिस्त ठेवावी लागते. संसदेने हा फरक मिटवावा, आणि तोवर जव्हार-मोखाड्याच्या पोलीस ठाण्यांनी आपल्या हद्दीतल्या गावसभांत जाऊन सांगावं की, असा हात पुढे करणाऱ्याला कोणी ठाण्यात बोलावणार नाही.